परदेशी मुक्काम आणि पहाटेचे धावणे

व्यापारानिमित्त परदेशी जाणे आपल्या समाजाला नवे नाही. नवे आहे ते मुक्कामाचे स्वरूप. पूर्वी घरातील कर्ता पुरुष पंधरा-वीस दिवसांसाठी जाई आणि सौदे उरकून परत येई. आता अँटवर्प, दुबई, बँकॉक, हाँगकाँग किंवा नैरोबी येथे तीन-चार महिने, प्रसंगी सहा महिने राहावे लागते. मुलाच्या नव्या पेढीची घडी बसवायची असते, गोदाम पाहायचे असते, सुनेचे बाळंतपण असते. याच काळात आपल्या घरांत आणखी एक बदल झाला आहे. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी, सांगलीच्या आमराईत, पुण्यात तळजाईच्या टेकडीवर, मुंबईत मरीन ड्राइव्हवर पहाटे साडेपाचला चाळिशी-पन्नाशीतील व्यापारी मंडळी धावताना दिसू लागली आहेत. त्यांतील फारच थोडी हौसेने आलेली असतात. बहुतेकांना डॉक्टरांनी तपासणीचा कागद समोर ठेवून तेथे पाठविलेले असते. साखर, रक्तदाब, चरबी ही तिन्ही नावे आज आपल्या घरांत कुलदेवतेइतकी परिचित झाली आहेत.

या दोन बदलांची गाठ जेथे पडते, तेथे एक प्रश्न उभा राहतो. मोठ्या कष्टाने जडलेली सवय परदेशातील लांब मुक्कामात टिकवायची कशी? प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याचे परिणाम किरकोळ नसतात, हे मी घरातच पाहिले आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, सांगलीला हळदीचा व्यापार करतात. साखरेचे निदान झाल्यावर अकरा वर्षे त्यांनी आमराईतील धावणे चुकविले नाही. आधी चालणे, मग चालता चालता धावणे, आणि शेवटी सलग पाच किलोमीटर, असा त्यांचा क्रम होता. गोळ्या अर्ध्यावर आल्या होत्या. मग दुबईला भागीदारीत गोदाम घेतले आणि ते एप्रिल ते सप्टेंबर तेथे राहिले. आक्का फोनवर विचारी, ‘धावणं चाललंय नव्हं?’ दाजींचे उत्तर ठरलेले असे. ‘इथं ऊन बघ किती हाय. परत आल्यावर सुरू करू की.’ ते परत आले तेव्हा दसरा, दिवाळी, हळदीची देणी-घेणी यांत दोन महिने गेले. जानेवारीत थंडी होती. मार्चमध्ये इन्शुलिन सुरू झाले.

दाजींची सवय दुबईत मोडली असे घरातील सर्वजण म्हणतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. दुबईत ती फक्त थांबली होती. मोडली ती सांगलीला परतल्यावर, कारण सहा महिन्यांच्या खंडानंतर पाच किलोमीटर धावणारे दाजी उरले नव्हते. पहिल्याच पहाटे पाचशे मीटरवर त्यांना धाप लागली, आणि अकरा वर्षांपूर्वी जेथून आरंभ केला तेथेच पुन्हा उभे राहण्याची त्यांची मनाची तयारी झाली नाही. म्हणून परदेशात धावण्याचा उद्देश प्रगती करणे हा नसून, परतल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे न लागणे हा आहे, असे मी मानतो. तेवढ्यासाठी किती धावावे लागते, याचे उत्तर शास्त्राने बऱ्याच अंशी दिलेले आहे आणि ते आपल्या अपेक्षेपेक्षा फार सोपे आहे.

सराव अजिबात बंद केला तर काय होते, हे अमेरिकेतील एडवर्ड कॉइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजले. वर्षानुवर्षे सराव असलेल्या व्यक्तींना त्यांनी ८४ दिवस व्यायाम थांबवायला लावला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, जिच्यावर दमसास अवलंबून असतो, ती पहिल्या तीन आठवड्यांतच सुमारे ७ टक्क्यांनी घटली, आणि ५६ दिवसांपर्यंत ही घट सुमारे १६ टक्क्यांवर गेली. ही दीर्घ सरावाच्या लोकांची स्थिती झाली. ज्याचा सराव दोन-चार वर्षांचा आहे, त्याने अधिक सावध राहावे हे उघड आहे.

आता याची दुसरी बाजू पाहावी. शिकागोचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात असे काही प्रयोग केले की, ते प्रत्येक व्यापाऱ्याने पासपोर्टबरोबर जपून ठेवावेत. त्यांनी काही तरुणांकडून दहा आठवडे, आठवड्यातील सहा दिवस, रोज ४० मिनिटे कसून व्यायाम करून घेतला. नंतर एका प्रयोगात दिवस कमी केले, सहाऐवजी चार किंवा फक्त दोन. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेच ठेवून वेळ कमी केला, ४० मिनिटांऐवजी २६ किंवा फक्त १३ मिनिटे. हे पंधरा आठवडे चालले, म्हणजे जवळजवळ साडेतीन महिने. दोन्ही प्रयोगांत कमाल क्षमता टिकून राहिली. दीर्घकाळ तग धरण्याची शक्ती तेरा मिनिटांच्या गटात काहीशी उतरली, एवढेच. मात्र तिसऱ्या प्रयोगात वेळ आणि दिवस तेच ठेवून जोर कमी केला, तेव्हा क्षमता घसरली. म्हणजे दिवस कापले तरी चालते, मिनिटे कापली तरी चालते. गती कापली की तोटा होतो. परदेशात आपण नेमके उलट करतो. ‘वेळ नाही, तर जरा रमतगमत फिरून येऊ’ असे म्हणतो. रमतगमत फिरण्याचे अन्य लाभ आहेतच, ते कोणी नाकारत नाही. पण दमसास टिकवायचा असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा का होईना, घरच्या गतीने धावणे अवश्य आहे.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी यात आणखी एक अट आहे. व्यायामाने शरीरातील इन्शुलिनचा उपयोग सुधारतो, पण तो लाभ एक-दोन दिवसांत ओसरू लागतो. म्हणून अमेरिकन डायबिटीज असोसिएशनची शिफारस अशी की, सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. ही शिफारस आणि हिक्सन यांचा हिशेब एकत्र मांडला तर परदेशी मुक्कामाचे मुद्दल ठरते ते असे : दर तिसऱ्या दिवशी तरी, आणि तेव्हा पंधरा-वीस मिनिटे, पण घरच्या गतीने. त्यावर जे होईल ते व्याज समजावे. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी धावण्याबाबत निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. परक्या शहरात एकट्याने धावताना साखर उतरणे ही धोक्याची गोष्ट आहे. अशांनी खिशात खडीसाखर आणि मुक्कामाच्या पत्त्याचे कार्ड ठेवल्याशिवाय बाहेर पडू नये.

किमान मर्यादा लहान ठेवण्याचा विषय निघाला की मला इंग्लंडचे रॉन हिल आठवतात. हे गृहस्थ आपल्या वाचकांना दोन कारणांनी जवळचे वाटतील. त्यांनी वस्त्ररसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली होती आणि पुढे स्वतःच्या नावाने धावण्याच्या कपड्यांचा व्यवसाय उभा केला. म्हणजे कापड आणि व्यापार दोन्ही त्यांच्या घरात होते. १९७० सालची बोस्टन मॅरेथॉन त्यांनी २ तास १० मिनिटे ३० सेकंदांत जिंकली. पण त्यांचे नाव राहिले ते वेगळ्याच कारणाने. २० डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, ५२ वर्षांहून अधिक काळ, ते रोज धावले. या काळात त्यांनी शंभर देशांतील शर्यतींत भाग घेतला, म्हणजे प्रवास हा त्यांच्या बाबतीत अपवाद नव्हता. त्यांनी स्वतःला घातलेला नियम फक्त एका मैलाचा होता. दिवसाकाठी किमान एक मैल, मग तो कोणत्याही गतीने आणि कोणत्याही गावी असो. पायाच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांनी तो मैल काठ्यांच्या आधाराने पुरा केला.

या शेवटच्या गोष्टीचे अनुकरण मात्र कोणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आजारपणात धावणे हे तप नव्हे. रॉन हिल यांनीही अखेर, धावताना छातीत दुखू लागल्यावर, तो मैल कसाबसा संपवून आपली अखंड साखळी स्वतःच थांबविली. तेव्हा त्यांचे वय ७८ होते. त्यांच्याकडून घ्यावा तो नियमाचा लहानपणा. पंधरा किलोमीटरचा नियम विमानतळावरच मोडतो. दीड किलोमीटरचा नियम मोडायला माणसाला स्वतःशीच खोटे बोलावे लागते.

आता पहिल्या पहाटेविषयी. परदेशात पोहोचल्यावर शरीराचे घड्याळ काही दिवस घरचीच वेळ दाखवीत असते आणि साधारणपणे दिवसाला एक तास या बेताने नव्या वेळेशी जुळते. घरची पहाटे साडेपाचची वेळ कोठे कोणती होते, हे निघण्यापूर्वीच मांडून ठेवावे. बँकॉकला तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात, हाँगकाँगला आठ. दुबईला पहाटेचे चार, नैरोबीला तीन, आणि हिवाळ्यात अँटवर्पला रात्रीचा एक. पूर्वेकडे जाणाऱ्याला ‘उठवत नाही’ असा अनुभव येतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला ‘झोप लागत नाही’ असा.

गंमत अशी की, दाजींना दुबईत घड्याळ बदलण्याची गरजच नव्हती. उन्हाळ्यात तेथे धावण्यास योग्य वेळ पहाटे चार ते साडेपाच हीच, आणि त्यांचे सांगलीचे शरीर त्यांना नेमके चार वाजता जागे करीत होते. ‘इतक्या लवकर काय उठायचं’ म्हणून त्यांनी ते घड्याळ हट्टाने दुबईच्या वेळेला जुळवून घेतले. देराच्या खाडीकाठी रुंद पदपथ आहे, तो त्यांच्या गोदामापासून दूर नव्हता. अर्थात उन्हाळ्यात तेथे पहाटेही उकाडा आणि दमटपणा असतोच. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक त्या दिवसांत मागू नये. नोव्हेंबर ते मार्च मात्र दुबईसारखी धावण्यास सुखद शहरे थोडी असतील. जुमेराच्या समुद्रकिनाऱ्याने तर पायाला मऊ लागणारी स्वतंत्र धावपट्टीच केलेली आहे.

खरी कसोटी लागते ती युरोपातील हिवाळ्यात. माझा मुलगा अँटवर्पला हिऱ्याच्या पेढीत आहे, म्हणून एक संपूर्ण हिवाळा मी तेथे काढला. डिसेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. सकाळी आठला काळोख, संध्याकाळी पाचला काळोख, आणि मध्ये बहुधा राखी रंगाचे आभाळ. माणसाचे मन अशा हवेत आपोआप पांघरुणाकडे वळते. शिवाय आपल्या घरांत एक अधिकची अडचण आहे. चौविहार पाळणाऱ्याने साडेचारच्या आत जेवण व पाणी उरकायचे. मग संध्याकाळी सहाला पेढीतून सुटल्यावर धावायचे कसे? धावून घाम आला तर पाण्याचा थेंबही घेता येणार नाही. आणि सकाळी नवकारशी करणाऱ्याला साडेनऊपर्यंत पाणी नाही. पुस्तकांत सांगितलेली ‘सकाळी किंवा संध्याकाळी’ ही दोन्ही उत्तरे येथे लागू पडत नाहीत.

तेथील आपल्या काही तरुणांनी जो मार्ग काढला आहे तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटला. ते दुपारी धावतात. होवेनियर्सस्ट्राट, म्हणजे हिरेबाजाराची ती बंदोबस्तातील गल्ली, तेथून चालत थोड्याच अंतरावर स्टाड्सपार्क नावाचे त्रिकोणी उद्यान आहे. बारा-साडेबाराला, जेवणापूर्वी, पंचवीस मिनिटे तेथे फेऱ्या मारायच्या, अंग पुसून परत येऊन जेवायचे, आणि चार वाजता डब्यातील उरलेले खाऊन दिवस मिटवायचा. दिवसातील सर्वांत उजेडाची वेळ पदरात पडते, आणि हिवाळ्यात परदेशी राहणाऱ्याच्या मनाला उजेडाची किती गरज असते, हे तेथे महिनाभर राहिल्यावर कळते. पेढीच्या मालकांनी जेवणाच्या सुट्टीतील ही पंचवीस मिनिटे कुरकुर न करता द्यावीत, असे मी येथे मुद्दाम लिहून ठेवतो. उन्हाळ्यात सगळेच पालटते. जूनमध्ये तेथे रात्री दहाला सूर्यास्त होतो; सातला धावून, साडेआठला घरी जेवूनही उजेड शिल्लक असतो.

बर्फ किंवा गोठलेल्या पावसाच्या दिवसांसाठी अँटवर्पने एक आगळीच सोय करून ठेवली आहे. शेल्ड नदीच्या खालून जाणारा सिंट-आना बोगदा १९३३ साली पादचारी व सायकलस्वारांसाठी खुला झाला. तो ५७२ मीटर लांब आणि सुमारे ३१ मीटर खोल आहे. उतरण्यासाठी अजूनही त्या काळचे लाकडी सरकते जिने आहेत. पांढऱ्या फरश्यांच्या त्या लांबच लांब नळीत वारा नाही, पाऊस नाही, घसरण नाही. दोन वेळा जाऊन आले की सव्वादोन किलोमीटर होतात, म्हणजे हिक्सन यांची तेरा मिनिटे जवळजवळ भरली. वर्दळीच्या वेळी मात्र तेथे धावू नये. सायकली वेगाने येतात. सायकलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बेल्जियममध्ये पदपथाला लागून तांबूस रंगाची पट्टी दिसते, ती सायकलींची असते. मोकळी दिसली म्हणून तिच्यावरून धावणाऱ्या पाहुण्याला तेथील आजीबाईसुद्धा घंटी वाजवून खडसावतात.

याहून महत्त्वाचे रस्ता ओलांडण्याचे. बेल्जियम, दुबई, अमेरिका येथे वाहने उजव्या बाजूने चालतात. आपली मान सवयीने प्रथम उजवीकडे वळते, आणि गाडी येते डावीकडून. धावताना विचार करण्यास क्षणाचाही वेळ नसतो. पहिले दहा दिवस रस्ता ओलांडताना धावणे थांबवावे, दोन्हीकडे पाहावे, आणि मगच पाऊल टाकावे. हाँगकाँग, थायलंड, केनिया, इंग्लंड येथे आपल्यासारखीच डावी बाजू आहे.

बँकॉकला अडचण काळोखाची नाही, उष्म्याची आहे. माझा स्वतःचा व्यवसाय चांदीच्या दागिन्यांचा असल्याने सिलोमच्या बाजारात माझे वरचेवर जाणे होते. सिलोम रस्त्याच्या टोकालाच लुंपिनी उद्यान आहे. त्याची फेरी सुमारे अडीच किलोमीटरची. पहाटे पाचला तेथे जत्रा भरल्यासारखी माणसे असतात. कोणी धावत असते, कोणी ताई ची करीत असते, आणि तळ्याच्या काठाने घोरपडी निवांत फिरत असतात. त्या कोणाला त्रास देत नाहीत, त्यांना कोणी देत नाही. सातनंतर तेथे धावणे म्हणजे वाफेच्या पातेल्यात धावणे. म्हणून बँकॉकला जाताना घरीच चार दिवस आधीपासून रोज वीस-पंचवीस मिनिटे लवकर झोपून लवकर उठावे, म्हणजे तेथील पाच जड जात नाहीत. सकाळी ठीक आठला आणि संध्याकाळी सहाला उद्यानात थायलंडचे राष्ट्रगीत लागते. त्या क्षणी सगळे उद्यान जागच्या जागी उभे राहते. धावणारेही थांबतात, आपणही थांबावे. बाहेर पाणी न घेणाऱ्यांनी तेथील हवेत वीस मिनिटांवर थांबावे, किंवा नवकारशी झाल्यावर पाणी घेऊन सावलीत धावावे. दमट हवेत घामाचा अंदाज येत नाही आणि चक्कर येते ती अचानक येते.

हाँगकाँगला पोहोचलेला माणूस इमारती आणि चढ पाहूनच नाउमेद होतो. त्याने बोवेन रोड गाठावा. वान चायच्या वर डोंगराच्या कुशीतून जाणारी ही सुमारे चार किलोमीटरची वाट जवळजवळ सपाट आहे. डोंगरात सपाट वाट कशी, याचे कारण मजेदार आहे. ताय ताम जलाशयाचे पाणी शहरात आणणाऱ्या जुन्या जलवाहिनीवरून ती गेलेली आहे, आणि पाण्याला चढ चालत नाही. नैरोबीला आपले ओशवाल बंधू मोठ्या संख्येने आहेत. तेथे शहरातच करुरा वन आहे. वांगारी माथाई यांच्या लढ्यामुळे ते बिल्डरांपासून वाचले. पण नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचावर आहे. पहिल्या आठवड्यात दम लागला तर घाबरू नये आणि घड्याळाकडेही पाहू नये. तेथे घरच्या गतीचा आग्रह दहा दिवसांनी धरावा.

बूट सामानात टाकू नयेत, पायांतच घालून विमानात बसावे. सामान उशिरा आले तर दुसऱ्या गोष्टी विकत मिळतात, पायाला रुळलेले बूट मिळत नाहीत. धावण्याचे बहुतेक बूट कृत्रिम धाग्यांच्या जाळीचे असतात, तरी काहींवर सुएड चामड्याची पट्टी असते. ज्यांना चामडे वर्ज्य आहे त्यांनी घेतानाच पाहून घ्यावे. खाण्याच्या बाबतीत परदेशी दुकानांतील धावपटूंसाठीच्या चघळायच्या गोळ्यांपासून दूर राहावे. अनेकांत जिलेटीन असते, आणि पिशवीतून चोखायच्या काही गोड पदार्थांत मध असतो. राजगिऱ्याची चिक्की, खजूर आणि खाकरा यांची बरोबरी त्यांना येत नाही. बटाट्यावाचून धावण्याची शक्ती कशी येणार, असा प्रश्न मला एका बेल्जियन शेजाऱ्याने विचारला होता. त्याला मी पोह्यांची बशी दिली.

पर्युषण आणि दशलक्षण पर्वाच्या दिवसांत, हाँगकाँग-बँकॉकच्या दागिन्यांच्या मोठ्या प्रदर्शनांचा काळही अनेकदा जवळपास येतो. उपवासाच्या दिवशी धावू नये, चालावे. एकासणे असेल तर जेवणाच्या तासभर आधी हलके धावण्यास हरकत नसते. आठ दिवसांची अठ्ठाई झाली असेल तर पारण्यानंतर आठवडाभर नुसते चालणेच बरे.

आतापर्यंत व्यापारासाठी जाणाऱ्यांविषयी लिहिले. पण परदेशी लांब मुक्कामाला आज सर्वांत अधिक कोण जात असेल, तर त्या आपल्या घरांतील साठीजवळच्या स्त्रिया. लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण, नातवंडांची शाळा, यांसाठी त्या सहा-सहा महिने जातात. व्यापाऱ्याच्या धावण्यासाठी घरचे वेळापत्रक हलते. आईच्या चालण्यासाठी ते हलत नाही. गावी रोज पहाटे मंदिरापर्यंत आणि पुढे तलावापर्यंत चालणारी बाई परदेशात सहा महिने स्वयंपाकघर आणि पाळणा यांच्यामध्ये फिरते. तिची गुडघेदुखी आणि वाढलेली साखर घेऊन ती परतते, आणि तिने ती कोठे मिळविली हे कोणी विचारीत नाही. माझ्या पत्नीने यावर उपाय काढला तो साधा होता. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सुनेला सांगितले, ‘सकाळी साडेनऊ ते सव्वादहा मी नाही.’ विचारले नाही, सांगितले. पहिल्या आठवड्यात मुलगा बरोबर जाऊन तिला रस्ता दाखवून आला, दुसऱ्या आठवड्यापासून ती बाबागाडीसह नातवालाच बरोबर नेऊ लागली. नातू गाडीत झोपे. सुनेलाही तेवढा वेळ निजता येई.

ज्यांना सोबतीशिवाय बाहेर पडवत नाही त्यांनी पार्करनची चौकशी करावी. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनिशी सुरू झालेला हा उपक्रम आता अनेक देशांत चालतो. दर शनिवारी सकाळी, पाच किलोमीटर, विनामूल्य. धावा किंवा चाला. एकदा नाव नोंदविले की लंडन, लेस्टर, सिंगापूर, सिडनी कोठेही तीच नोंद चालते. अनोळखी शहरात शनिवारची ती एक सकाळ ठरलेली असली की, बाकीच्या आठवड्याला खुंटी मिळते.

राहता राहिले परतणे. अँटवर्पहून येणाऱ्याला घरची पहाटे साडेपाचची वेळ म्हणजे अँटवर्पच्या हिवाळ्यातील रात्रीचा एक. त्या वेळी उठणे शरीराला अशक्यप्राय असते. त्यातच भेटायला येणारी माणसे, पेढीवर साचलेली कामे, ओवाळणी आणि गोडधोड. म्हणून पहिले चार-पाच दिवस पहाटेचा हट्ट सोडून संध्याकाळी जेवणापूर्वी पंधरा मिनिटे धावावे आणि उठण्याची वेळ रोज तासभर मागे आणावी. परतीचे तिकीट शक्यतो गुरुवार-शुक्रवारचे काढावे, म्हणजे पेढीवर बसण्यापूर्वी दोन सकाळी हाती येतात. आणि निघण्यापूर्वीच आपल्या धावण्याच्या सोबत्यांना परतीची तारीख सांगून ठेवावी. माझे दोन सोबती रंकाळ्याला जाताना वाटेत आमच्या दारात थांबतात. मी आल्याच्या सहाव्या दिवशी पहाटे पाच पंचवीसला घंटी वाजते. जेटलॅगची सबब त्यांना पाच दिवसांपर्यंतच मान्य असते.